दोघांत एक चष्मा

तुळशीराम ढोके यांचा चष्मा फुटला तो एका कबड्डीपटूच्या कोपराने. नागपुरात नंदनवनच्या मैदानावर सामना रंगात आला होता. चढाईला आलेल्या गड्याला तिघांनी मिळून उचललं आणि रेषेबाहेर फेकलं, तो थेट रेषेलगत वाकून उभ्या असलेल्या पंचाच्या अंगावर आला. पंचाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. कोपर लागून उडालेल्या चष्म्याच्या दोन्ही काचा मात्र बुटांखाली आल्या.

तुळशीराम पोस्टातून निवृत्त झालेले. नोकरीत असल्यापासून ते कबड्डीचे पंच होते, आणि उणे बारा नंबरचा चष्मा लावणारा हा माणूस बोटाच्या टोकाचा स्पर्शही चुकवत नाही, अशी त्यांची जिल्हाभर ख्याती होती. पोरं त्यांना मागून ‘भिंगवाले पंच’ म्हणत आणि त्यांचा निकाल मुकाट्याने मानत. त्या दिवशी दोघा गड्यांनी त्यांना हाताला धरून घरी आणून सोडलं. चष्म्यावाचून त्यांना नाकापासून चार बोटांवरचं तेवढं स्वच्छ दिसे. त्यापलीकडे सगळं जग पाण्यात विरघळलेल्या रंगासारखं होतं.

त्यांची मुलगी पौर्णिमा दुसऱ्या दिवशी इतवारीत गुल्हान्यांच्या चष्म्याच्या दुकानात गेली. पौर्णिमा सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होती. वडिलांकडून तिला दोन गोष्टी आल्या होत्या, कमी बोलणं आणि डोळ्यांचा नंबर. तिचा नंबर उणे साडेअकरा. लग्न मोडल्यावर ती वडिलांकडे राहायला आली, त्याला काही वर्षं झाली होती. आई तर आधीच गेलेली. बापलेक एकाच घरात राहत, एकमेकांचं जेवणखाण सांभाळत, पण त्यांचं बोलणं भाजी काय करायची याच्या पुढे क्वचित जाई.

गुल्हाने म्हातारे आणि भल्या स्वभावाचे होते. त्यांनी पौर्णिमेला बसवलं आणि जे ते गेले काही आठवडे प्रत्येक मोठ्या नंबरवाल्याला सांगत होते तेच सांगितलं. साध्या नंबरच्या काचा इथेही होतात. पण उणे आठ-दहाच्या पुढे साध्या प्लास्टिकची काच बाटलीच्या बुडासारखी जाड होते, म्हणून त्यासाठी वेगळी राळ लागते, प्रकाश जास्त वाकवणारी. ती राळ साऱ्या जगात मोजून दोन कारखाने करतात, दोन्ही परदेशात, दोन्ही समुद्राकाठी. एकाला आग लागली. दुसऱ्याचा माल ज्या वाटेने येतो त्या सामुद्रधुनीत युद्धनौका उभ्या आहेत. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांनीही स्वस्त पडतं म्हणून काचा ओतण्याचं काम केव्हाच तिकडे पाठवून दिलं होतं. आता साचे तिकडे, यंत्रं तिकडे, जाणती माणसंही तिकडेच. पूर्वी खनिज, म्हणजे वाळूपासूनची खरी काच घासून देणारे कारागीर होते, तेही धंदा सोडून गेले.

“म्हणजे कधी मिळेल?” तिने विचारलं.

“पोरी, खोटी तारीख देऊ का?” गुल्हाने म्हणाले. “तुझा चष्मा जप. तेवढंच सांगतो.”

अशा रीतीने ढोक्यांच्या घरात दोन माणसं आणि एक चष्मा अशी स्थिती झाली.

पहिला महिनाभर तुळशीराम खुर्चीत बसून रेडिओ ऐकत राहिले. मला आता मैदानाचा कंटाळाच आला होता, असं त्यांनी लेकीला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पौर्णिमेला ते खोटं आहे हे कळलं. मैदानाच्या बाजूने शिट्टी ऐकू आली की त्यांची मान आपोआप तिकडे वळत असे. एका रविवारी तिने आपला चष्मा काढून त्यांच्या हातात ठेवला.

“आज मला सुट्टी आहे, बाबा. तुम्ही जाऊन या.”

त्यांनी चष्मा परत तिच्या हातात दिला. तिने पुन्हा त्यांच्या हातात दिला आणि भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात निघून गेली. मग मात्र ते गेले. जांभळ्या फ्रेमचा बायकी चष्मा लावून पंच मैदानावर आले तेव्हा लोक हसले, पण सामना सुरू झाल्यावर कोणी हसलं नाही. इकडे पौर्णिमा घरात बसून राहिली. दूध उतू गेलं ते तिला वासावरून कळलं. दारात आलेल्या बाईला तिने आवाजावरून ओळखलं. चष्मा काढला की आपण किती एकट्या पडतो, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. आणि बाबा महिनाभर असे बसले होते, हेही तिच्या तेव्हाच ध्यानात आलं.

तुळशीराम परत आले तेव्हा त्यांनी सामना कसा झाला ते तिला सविस्तर सांगितलं. कोणी पकड कशी केली, कोणाचा पाय बोनस रेषेवरून कसा हुकला, सगळं. आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होते. तिने पाहिलेलं काहीच नव्हतं, म्हणून सांगणं भाग होतं. पुढे दर सुट्टीला हा क्रम पडला. घरात एकाला दिसे आणि तो दुसऱ्याला सांगे.

उन्हाळ्याच्या तोंडावर रुग्णालयाच्या नेत्रविभागात एक सूचना लागली. शहरातल्या एका संशोधन संस्थेत डॉ. नाहीद काझी नावाच्या रसायनशास्त्रज्ञ नवी काच तयार करत होत्या, आणि त्यांना मोठ्या नंबरची माणसं चाचणीसाठी हवी होती. पौर्णिमा वडिलांना घेऊन गेली.

काझी मॅडम पन्नाशीच्या, उत्साही बाई होत्या. त्यांनी टेबलावर पिवळ्या भुकटीची बरणी ठेवली आणि शेजारी एक बाटली ठेवली. बाटलीचं बूच काढताच खोलीभर संत्र्याचा वास सुटला. त्यांचं समजावणं असं होतं. भुकटी म्हणजे गंधक. कच्चं तेल शुद्ध करताना ते टनावारी उरतं, तेल कारखान्यांच्या आवारात त्याचे डोंगर लागलेले असतात. गंधकाच्या अणूतले इलेक्ट्रॉन सैलसर धरलेले असतात, प्रकाश त्यातून जाताना त्यांना हलवत, अडखळत जातो आणि म्हणून जास्त वाकतो. ज्या पदार्थात गंधक जास्त, त्याची काच पातळ. परदेशी राळेतही हेच तत्त्व आहे, फक्त त्यात गंधक थोडं असतं आणि ती बनवायची कृती फार लांबलचक. नुसतं गंधक वितळवलं तर त्याच्या लांब साखळ्या होतात, पण थंड झालं की साखळ्या तुटून परत भुकटी. त्या साखळ्यांना टोकाशी बांधून ठेवणारं काहीतरी लागतं. ते काम संत्र्याच्या सालीतलं तेल करतं.

“काटोल-वरुडकडे रसाच्या कारखान्यांत सालींचे ढीग पडलेले असतात,” त्या म्हणाल्या. “आमचा कच्चा माल दोन कचऱ्यांतून येतो.”

आणखी एक गुण त्यांनी सांगितला, आणि त्यांच्या मते तोच खरा शोध होता. गंधकाचे हे बंध उष्णता दिली की सुटतात आणि निवताना नव्याने जुळतात. म्हणजे ही काच एकदा ओतली की संपलं असं नाही. नंबर बदलला, ओरखडे पडले, की ती वितळवून पुन्हा दाबता येते. दुकानात मावेल एवढ्या यंत्रात. उणीव एकच, रंग. काच मधासारखी पिवळसर दिसते आणि तिच्यातून निळा रंग मरतो.

चाचणीसाठी जोड्या थोड्या होत्या, एका घरात एकच. कोणाला द्यायची हे मॅडमनी बापलेकींवर सोडलं. पौर्णिमेने वडिलांकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला. आठवड्याभरात तुळशीरामांच्या नाकावर मधाच्या रंगाचा चष्मा आला. काच पहिल्यापेक्षा पातळ होती. आभाळ हिरवट दिसतं, एवढी एक तक्रार सोडली तर ते खुशीत होते. पौर्णिमेचा चष्मा तिला परत मिळाला आणि घरातलं सांगणं-ऐकणं हळूहळू पुन्हा भाजीवर आलं. तिला ते जाणवलं.

मग काटोलची स्पर्धा आली. भर उन्हाळ्याचे दिवस, सामने संध्याकाळी. तुळशीराम स्कूटरवर दुपारीच पोहोचले आणि शाळेच्या ओसरीत जरा आडवे झाले. झोपेत चष्मा अंगाखाली येऊ नये म्हणून त्यांनी तो स्कूटरच्या डिकीत ठेवला होता. स्कूटर उन्हात होती.

संध्याकाळी चष्मा लावला तेव्हा त्यांना थोडं गरगरल्यासारखं झालं. उन्हाचा त्रास असेल म्हणून ते ताक पिऊन उभे राहिले. उपांत्य सामन्याच्या उत्तरार्धात, गुण बरोबरीत असताना, एक चढाईपटू पकडीतून सुटत मध्यरेषेकडे झेपावला. त्याचा हात रेषेला लागला की नाही? तुळशीरामांनी नाही म्हणून बाद दिला. गडी रेषेकडे बोट दाखवत राहिला. प्रेक्षकांत गलका झाला. तुळशीरामांनी खाली वाकून रेषेकडे पाहिलं. चुन्याने सरळ आखलेली रेषा मधोमध धनुष्यासारखी वाकली होती. त्यांनी डोकं हलवलं तशी ती रेषाही हलली.

त्यांनी शिट्टी वाजवून सामना थांबवला. पंचांच्या टेबलाशी जाऊन माईक मागून घेतला आणि सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, की माझ्या चष्म्यात दोष आला आहे, मला रेषा नीट दिसत नाही, तेव्हा मघाचा निकाल माझा धरू नये, दुसऱ्या पंचांनी काय पाहिलं ते विचारावं. दुसऱ्या पंचांनी हात रेषेपार पाहिला होता. निकाल फिरला. तुळशीरामांनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्याकडे दिली आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले. घरी त्यांना कोणीतरी गाडीत घालून आणलं, स्कूटर मागाहून आली.

लेकीला ते एवढंच म्हणाले, की बंद केलं आता.

पौर्णिमेने तो चष्मा काझी मॅडमकडे नेला, पण तो हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहरा पडला नाही. काच डिकीतल्या उष्णतेने किंचित मऊ होऊन मधोमध बसली होती. प्रयोगशाळेतल्या भट्टीत हे कधी झालं नव्हतं, कारण तिथे काच मोकळी ठेवत, फ्रेमच्या ताणात नाही. त्यांनी उपायही लगेच ठरवला. जवसाचं तेल. जवसाच्या तेलात साखळ्यांना धरायला जास्त हात असतात. संत्र्याच्या तेलाबरोबर ते घातलं की जाळं घट्ट विणलं जाईल, दाबायच्या यंत्रातल्या तापमानालाच सैल होईल, उन्हातल्या नाही. पण संस्थेच्या समितीने तोवर नव्या जोड्या देणं थांबवलं होतं. सबंध उन्हाळा नव्या मिश्रणाची परीक्षा होईपर्यंत फक्त आधी दिलेल्या काचा वितळवून दुरुस्त करायची मुभा होती. तुळशीरामांनी मात्र दुरुस्तीलाही नको म्हटलं होतं.

त्याच सुमारास पौर्णिमेचा चष्मा गेला. शस्त्रक्रिया आटोपून तोंडावरची ढाल काढताना तो ढालीच्या पट्ट्यात अडकून फरशीवर पडला आणि उजव्या काचेला आरपार तडा गेला. तिने ते डॉक्टर कोठेकरांना, म्हणजे तिच्या शल्यचिकित्सकांना, तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी हळहळून तिला कामावरून उतरवलं. दुसरं काही करताही आलं नसतं. ज्या हातांनी नेमकं हत्यार नेमक्या क्षणी द्यायचं, ते हात चाचपडून चालत नाहीत.

ती घरी आली आणि दोघेही घरात बसले. आता सांगायलाही कोणी नव्हतं. पौर्णिमा रडली नाही, पण तिने दिवसभर भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. तुळशीराम आवाज ऐकत होते. सकाळी ती न्हाणीघरात असताना ते काठी घेऊन बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि पत्ता सांगितला.

चार दिवसांनी ते पुन्हा तसेच गेले, मधाच्या रंगाचा चष्मा घेऊन आले आणि तिच्यापुढे धरला. मॅडमनी तुझ्यासाठी नवी जोडी केली, असं म्हणाले. माझीही होते आहे, मागून येईल. पौर्णिमेने तो घातला. भिंतीवरचं घड्याळ, खिडकीचे गज, बाबांचे हात, सगळं एकदम जागेवर आलं. तिला इतकं हायसं वाटलं की तिने दुसरं काही विचारलं नाही.

कामावर परतली तेव्हा तिला एक अडचण दिसली. टाके घालायचा निळा धागा आणि काळा धागा या काचेतून सारखाच दिसत होता. तिने ते लपवलं नाही. डॉक्टर कोठेकरांना सांगितलं, आणि दोघांनी मिळून तबकाची मांडणी बदलली. निळा डावीकडे, काळा उजवीकडे, आणि देताना नाव मोठ्याने उच्चारायचं. डॉक्टर म्हणाले, हे तर आपण आधीच करायला हवं होतं.

महिना होत आला. तुळशीरामांची जोडी काही येईना. विचारलं की ते म्हणत, येईल, घाई काय आहे. एक दिवस काझी मॅडमचा फोन आला. काच उन्हात कशी वागते ते त्यांना विचारायचं होतं. पौर्णिमेने सांगितलं, उत्तम आहे, काही हललेलं नाही. मग मॅडमनी सहज विचारलं, की वडिलांचं कसं चाललं आहे, त्यांना फार गैरसोय होत असेल.

“त्यांची जोडी कधी मिळेल?” पौर्णिमेने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, तुमच्या डोळ्यांवर आहे ती त्यांचीच. नवी द्यायची मला परवानगी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, दुरुस्तीला तर बंदी नाही ना, मग ही वितळवा, जवस घाला आणि मुलीच्या नंबरची करा. चाचणीवर तुमचं नाव घालायला समितीनेही होकार दिला. तुम्हाला सांगितलं असेल असं मी धरून चालले.

पौर्णिमा फोन ठेवून बाहेरच्या खोलीत आली. तुळशीराम खुर्चीत होते, रेडिओ बंद होता. तिने समोर बसून विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही.

“तू घेतला नसता,” ते म्हणाले.

“नसताच घेतला.”

“म्हणूनच नाही सांगितलं.” त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं. “तुह्या हातात माणसाचा जीव असते, पोरी. माह्या हातात काय, शिट्टी. अन् काटोलले मी चुकलो ना, तवा कोणाचं काही गेलं नाही. तू चुकली तं?”

तिने चष्मा काढला आणि त्यांचा हात हातात घेतला. मग आज शस्त्रक्रिया कोणती होती, ते ती सांगू लागली. एका मुलीच्या पायात सळई घातली होती. मुलगी भूल उतरल्यावर पहिल्यांदा काय म्हणाली, डॉक्टर का हसले, सारं सांगितलं. त्यांनी मध्येच प्रश्न विचारले. त्या दिवसापासून ती कामावरून आली की चष्मा त्यांच्या हाती देई, आणि उजेड असेपर्यंत तो त्यांचा. नंबर थोडा कमी पडे, पण ते मैदानाच्या कडेला उभे राहून पोरांची प्रॅक्टिस बघून येत. शिट्टी मात्र त्यांनी हातात घेतली नाही.

तो उन्हाळा नागपूरच्या मानानेही कडक गेला. काझी मॅडमनी नव्या काचा उन्हात उभ्या गाड्यांत, पत्र्याच्या छपरांखाली, खडीवर ठेवल्या. शेवटी मोजणी झाली तेव्हा एकाही काचेचा नंबर हलला नव्हता. समितीने बंदी उठवली. गुल्हान्यांच्या दुकानातही दाबण्याचं यंत्र आलं. लोक मुलांचे चष्मे घेऊन येत, नंबर वाढला असला तर तीच काच वितळवून दुसऱ्या साच्यात दाबून घेत आणि तासाभरात घरी जात. सामुद्रधुनीतून जहाजं पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली, त्या दिवशी गुल्हाने दुकानात बसून चहा पीत होते. आता यायचं तेव्हा येऊ द्या, असं ते शेजाऱ्याला म्हणाले.

तुळशीरामांची जोडी तिथेच तयार झाली. पौर्णिमा त्यांना घेऊन गेली होती. गुल्हान्यांनी काच फ्रेममध्ये बसवली, फडक्याने पुसली आणि पंचांच्या कानांवर काड्या नीट अडकवून दिल्या. तुळशीरामांनी आधी भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीकडे. चौकट सरळ होती. ते वर-खाली, डावी-उजवीकडे मान हलवून बघत राहिले आणि चौकट सरळच राहिली. त्यांनी मोठा श्वास सोडला.

मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्याही नाकावर चष्मा होता. किती तरी महिन्यांनी दोघांनाही एकाच वेळी दिसत होतं. मधल्या काळात एकाने पाहिलं तेव्हा दुसरा धुक्यात होता. पौर्णिमेला वडिलांच्या हनुवटीवर दाढी करताना सुटलेले पांढरे खुंट दिसले आणि गालांची हाडं वर आलेली दिसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“किती वाळली गं तू,” तुळशीराम म्हणाले.

“तुम्हीही,” ती म्हणाली.

गुल्हाने उगाच फडकं झटकत आत गेले. बापलेक दुकानाच्या पायऱ्या उतरले. सवयीने पौर्णिमेने हात पुढे केला, सवयीने त्यांनी तो धरला. इतवारीतल्या गर्दीत शिरल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आता धरायची गरज नाही. हात कोणीच सोडला नाही. चालता चालता त्यांनी तिला विचारलं, की रविवारी नंदनवनला सामना आहे, आयोजकांनी पंच म्हणून बोलावलं आहे, तर तू बघायला येशील का.

ती म्हणाली, येते, पण घरी आल्यावर तुम्हीच मला सगळा सामना पुन्हा सांगायचा.